जाईमाय पहिलीत बसली

सत्तावन्न सालच्या जुलैत आमच्या शाळेला कुलूप लागलं, तेव्हा सगळ्यात उंच उड्या मी मारल्या होत्या. हे आधीच कबूल करून टाकते. आता मी अमरावतीला मास्तरीण आहे, आणि शाळा बंद म्हटलं की पोरं कशी नाचतात ते रोज डोळ्यांनी बघते.

आमचं पारडखेड अकोटपासून सात मैलांवर. शाळेला एकच खोली, चार इयत्ता आणि एकटे चंद्रभान गुरुजी. त्या साली तापाची मोठी साथ आली होती. ती परदेशातून बोटीने आली, मग रेल्वेने आली, मग मोटारीने आमच्या गावात उतरली असं मोठी माणसं सांगत. तिचं नाव फ्लू, पण गावाच्या तोंडी ‘फुलू’. एका सोमवारी हजेरीपटावरच्या एक्केचाळीस पोरांपैकी अकरा हजर होती. मंगळवारी स्वतः गुरुजी अंथरुणाला खिळले. तालुक्याहून कागद आला, कोतवालाने दवंडी दिली, “शाया पंधरा दिस बंद!” आम्ही ओरडत नदीकडे पळालो.

पंधराचे तीस दिवस झाले. तिसांचे साठ. गुरुजींचा ताप उतरला, पण छातीत कफ बसला, चार पावलं चालले की धाप लागायची. बदली मास्तर द्यायला तालुक्याकडे माणूस नव्हता, सगळीकडे तीच तऱ्हा.

मी तेव्हा तिसरीत, नाव इंदू. आमचं घर बौद्धपुऱ्यात, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून जाईबाई तेलगोटेचं घर. सगळा पुरा तिला जाईमाय म्हणायचा. वय चाळिशीचं, नवरा केव्हाच वारलेला. उंच, सावळी, आणि आवाज असा की तिने वावरात हाक मारली की रस्त्यावरची बैलगाडी थांबायची. गावातल्या निंदणाऱ्या बायांची ती म्होरकी. पावसाळ्यात निंदण, हिवाळ्यात अकोटच्या जिनात सरकी वेगळी करायचं काम. आदल्या वर्षी दसऱ्याला ती नागपूरला दीक्षेला जाऊन आली होती. तिथून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने आपला नातू देवमन याला उचलून शाळेत नेऊन बसवलं. देवमनची आई अकोल्याला तेलगिरणीत कामाला होती, म्हणून पोरगा आजीजवळ. स्वतः जाईमाय शिकायला म्हणून शाळेची पायरी कधी चढली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात देवमनने पहिलीचं पुस्तक धडाधडा वाचून दाखवलं, तेव्हा तिने पुऱ्यातल्या प्रत्येक घरी गूळ वाटला होता.

शाळा बंद पडली तरी तिचा नियम होता. दिवेलागणीच्या आधी देवमनने ओट्यावर बसून दुसरीच्या पुस्तकातला धडा तिला वाचून दाखवायचा. ती भाकरी थापत ऐकायची. आम्हा पोरांना त्याचं फार हसू यायचं. तो धडा मोठमोठ्याने वाचायचा आणि आजी खूश व्हायची.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी मी पाण्याची घागर घेऊन येत होते, तर ओट्यावर भाकरी थापायचा आवाज एकदम थांबला.

“थांब बे,” जाईमाय म्हणाली. “पुन्ना वाच.”

देवमनने पुस्तकात बोट ठेवून वाचलं, “एक लाल बैल होता. तो गाडी ओढीत होता.”

“काल बैल पांढरा होता.”

देवमनने पान उलटायला घेतलं. जाईमायने त्यावर हात ठेवला.

“हाच धडा. हेच पान. काल तू म्हनला एक पांढरा बैल होता. आज लाल कसा झाला? बुकातला बैल रोज रंग बदलते?”

मी घागर तिथेच ठेवली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची आठवण किती पक्की असते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला महिनाभरातला प्रत्येक धडा शब्दाशब्दाने पाठ होता. आणि देवमन महिनाभर चित्र बघून मनचं सांगत होता!

ती मारेल असं मला वाटलं. तिने हात धुतले, देवमनला समोर घेतलं आणि विचारलं, “काहून?”

देवमन रडायला लागला. “आजी, मले येतच नाई आता. आधी येत होतं. आता अक्षरं पाह्यली का सारी एकसारखीच दिसते.”

तिने मला बोलावलं. “इंदे, तू तर तिसरीत हायस. तू वाच.”

मी तोऱ्यात घरून माझं तिसरीचं पुस्तक आणलं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं आणि मी अडकले. बोटाने चाचपत, मागे येत, कशीबशी ओळ संपवली. जाईमायने लगेच सातचा पाढा विचारला. सात पंचे पस्तीसच्या पुढे माझ्या डोक्यात नुसता पाऊस पडत होता. एप्रिलात मी तो झोपेत म्हणत होते.

“दीड महिन्यात?” ती म्हणाली. “दोन वर्सं शिकलेलं दीड महिन्यात गेलं कुठं?”

तिचा चेहरा मला आठवतो. रागापेक्षा घाबरल्यासारखा होता. आपल्या घरातून काहीतरी रोज थोडं थोडं चोरीला जात होतं आणि आपण शेजारी बसून भाकऱ्या थापत होतो, असं काहीसं तिला वाटलं असावं. मग एकदम उठली.

“मले येत नाई म्हनून तुमी मले फसवता. आन् मले फसवता फसवता सोताच फसले. आता असं करा, मलेच शिकवा.”

“तुले?” देवमन रडायचा थांबला.

“मले. अ पासून. उद्यापासून. मी चुकली का सांगाचं. आन् सांगाले तर तुमाले येऊच लागन, नाई का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही सात पोरं तिच्यामागे केशवराव देशमुखांच्या वावरात गेलो. शाळा नाही म्हणून आमच्यातली निम्मी पोरं तशीही आयांबरोबर निंदायला जातच होती. जाईमायने एकच अट घातली, ज्याला खोकला आहे त्याने घरी राहायचं. मग तिने शिकण्याची पद्धत काढली, आणि ती मी आजवर कोणत्याही ट्रेनिंगात पाहिलेली नाही. कपाशीच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. तासाच्या या टोकाला देवमनने ओल्या काळ्या मातीत बोटाने अक्षर काढायचं. जाईमायने ते बघून घ्यायचं, आणि निंदत निंदत, तोंडाने ते अक्षर म्हणत त्या टोकाला जायचं. तिथे मी उभी. तिथे तिने तेच अक्षर मातीत काढून दाखवायचं. जमलं तर पुढचं अक्षर, नाही तर परतीच्या तासाला तेच.

“क, क, क, क,” करत ती निघाली. बाकीच्या बाया हसून हसून बांधावर बसल्या. “जाईबाई कावळा झाली व!” एक जण म्हणाली. जाईमायने मान वर केली नाही. तासाच्या शेवटी आली आणि खुरप्याच्या टोकाने तिने एक क काढला. एवढा मोठा की त्यात कोंबडी बसली असती. पण क होता! मी ओरडले, “आला!” त्या टोकाहून देवमन ओरडला, “आला का?” आणि धावतच आला.

पहिल्या दिवशी नऊ अक्षरं झाली. दुसऱ्या दिवशी पाच, कारण ‘घ’ आणि ‘ध’ने घोळ घातला. तो घोळ देवमनचाही होता. आजीला फरक समजावून सांगायचा म्हणून तो रात्री पुस्तक उघडून बसला, दोन्ही अक्षरं शंभरदा काढली, आणि सकाळी वावरात छाती पुढे काढून म्हणाला, “आजी, ध च्या डोक्याची गाठ पाय. घ ले गाठ नसते.” तो आता काहीच्या काही कडक झाला होता. गुरुजींसारखे हात मागे बांधून तासातून फिरायचा. एकदा ती ‘थ’ तिसऱ्यांदा चुकली, तर म्हणाला, “कान धर.” सगळ्या बायांची खुरपी थांबली. जाईमायने आयुष्यात कोणापुढे कान धरला नव्हता. तिने खुरपं खाली ठेवलं, मातीच्या हातांनी दोन्ही कान धरले आणि म्हणाली, “धरले, मास्तर. आता सांगा.”

चौथ्या दिवशी स्वतः केशवराव छत्री घेऊन वावरात आले. आमची पाचावर धारण बसली. त्यांनी मातीत काढलेलं अक्षर बघितलं.

“हे काय आहे?”

“ढ,” जाईमाय म्हणाली.

केशवराव वाकले. “ढ असा नसते,” ते म्हणाले, “आतल्या अंगाले वळव त्याले.” आणि छत्रीच्या टोकाने वळवून दाखवून निघून गेले. त्यानंतर हसणाऱ्या बायांपैकी तिघी आपापल्या तासाच्या शेवटी अक्षरं काढायला लागल्या.

खरी धमाल सुरू झाली ती तिच्या प्रश्नांनी. पोरं शाळेत अक्षर येतं तसं घेतात. जाईमाय घेत नसे. “श आन् ष, दोन काहून? एकानं भागत नाई?” आम्हाला माहीत नव्हतं. “नवानंतर एकावर शून्य काहून ठेवते?” हेही माहीत नव्हतं. मग आम्ही प्रश्न पाटीवर लिहून गुरुजींच्या खिडकीला पाटी टांगायला लागलो. आत जायची परवानगी नव्हती. गुरुजी उत्तर लिहून पाटी परत टांगत. पहिल्या पाटीवर दोन शब्द होते, तिसऱ्या दिवशी पाटी दोन्ही बाजूंनी भरून यायला लागली. खोकत खोकत ते खिडकीशी आमची वाट बघत बसायचे.

मग आला ळ.

आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ नाही. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, काळ्याला काया, शाळेला शाया. पुस्तकात मात्र ळ. मी मातीत ‘शाळा’ लिहिलं आणि म्हटलं, “हे वाच.” तिने वाचलं, “शा... हे कोनतं व?” मी म्हटलं, “ळ. शाया.”

“लिहितं एक आन् म्हनतं एक? तू बी फसवून राहिली का मले?”

प्रश्न पाटीवरून गेला. उत्तर आलं: ‘जिथे तुमच्या तोंडात य येतो, तिथे पुष्कळदा पुस्तकात ळ असतो. लिहिताना ळ लिहावा. बोलताना आपले आपण.’

जाईमायला हे इतकं पटलं की तिने त्या दिवशी मातीत लिहून काढलं: ‘गाळ’. मी विचारलं हे काय? ती म्हणाली, “गाय!” ‘पाळ’ म्हणजे पाय. ‘माळ’ म्हणजे माय. आम्ही ते सगळं पाटीवर उतरवून गुरुजींकडे नेलं. खिडकीच्या आतून असा हसण्याचा आवाज आला की त्यांची बायको घाबरून धावली. दीड महिन्यात ते पहिल्यांदा हसले होते. पाटीवर उत्तर आलं: ‘पुष्कळदा म्हणजे नेहमी नाही.’

हिशोबात मात्र आम्हीच तिचे विद्यार्थी. ती विसांच्या कोडीने मोजायची. एकदा म्हणाली, “वावरात सात कोडी सहा तास हायेत. आमी बाया नऊ. सांगा एकीले किती?” मी पाटीवर १४६ मांडून भागाकार करायला बसले. माझं पेन्सिलीला थुंकी लावणं होईतो ती म्हणाली, “सोया सोया, दोन उरले.” मी करून बघितलं, सोळाच! हे तोंडाने कसं केलं ते तिने आम्हाला शिकवलं, आणि माझे पाढे परत आले. सात पंचे पस्तीसच्या पुढचेही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बाभळीखाली तिने दुसरीचं पुस्तक मागितलं. तेच बैलाचं पान उघडलं. सगळ्या बाया भोवती. देवमन शेजारी, ओठ दातांखाली धरून. तिने बोट ठेवलं आणि सुरुवात केली. “ज... त्रे... जत्रे... ला.” घामाने तिचं कपाळ भिजलं होतं. एकेका शब्दाला इतका वेळ लागायचा की मधेच कोणीतरी पाणी पिऊन यायचं. पण कोणी उठून गेलं नाही. पान संपायला जवळजवळ तास लागला. एका मुलाने जत्रेत हरवलेल्या बहिणीला कसं शोधलं, अशी ती गोष्ट होती.

जाईमायने पुस्तक उलटं केलं, सुलटं केलं. “बैल कुठं हाय?”

“चित्रात,” देवमन पुटपुटला.

“म्हंजे पांढरा बी नाई आन् लाल बी नाई!” तिने देवमनला पकडला, उचलला आणि चाळिशीची ती बाई आठ वर्षांच्या पोराला घेऊन बाभळीभोवती गरगर फिरली. “मी वाचलं बाप्पा! सारं मी वाचलं!” बायांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी दुपारनंतरचे तास कसे निंदले गेले कोण जाणे, अर्धं तण तिथेच राहिलं असेल.

वीस सप्टेंबरच्या सुमारास शाळा उघडली. गुरुजी गळ्याभोवती मफलर गुंडाळून आले. वाळून निम्मे झाले होते. त्यांनी फळ्यावर चार साधी वाक्यं लिहिली आणि एकेकाला उभं केलं. जे दिसलं ते वाईट होतं. पहिलीतल्या पोरांना पेन्सिल कशी धरायची तेही आठवत नव्हतं. चौथीतला एक हुशार मुलगा ‘महाराष्ट्र’ शब्दावर येऊन रडला. दुसरीतले बहुतेक ऑगस्टातल्या देवमनसारखे, चित्र बघून बोलणारे. गुरुजी खुर्चीवर बसले. दोन वर्षांची मेहनत पावसात वाहून गेली, असं काहीसं म्हणाले.

मग देवमनचा नंबर आला. त्याने चारही वाक्यं वाचली. मी वाचली. आमच्या वावरातल्या सातही पोरांनी वाचली. गुरुजी ताडकन उठले.

“तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोनीच नाई,” देवमन म्हणाला. “आमीच जाईमायले शिकवलं.”

गुरुजींनी टेबलावर असा हात आपटला की दौत उडाली. पाट्यांवरून त्यांना प्रश्न कळत होते, वावरात काय चाललं होतं ते कळलं नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, प्रत्येक पोराने घरातला एक माणूस शिष्य म्हणून धरायचा. आज शाळेत जे शिकलं ते संध्याकाळी त्याला शिकवायचं आणि सकाळी शिष्याची पाटी आणून दाखवायची. गावात नुसती गडबड उडाली! आज्या, काका, सोनाराची सून, कोतवालाचा म्हातारा बाप, सगळे पाट्या घेऊन बसले. सकाळी शाळेत पाट्यांचा ढीग. दिवाळीपर्यंत बहुतेक पोरं जिथे होती तिथवर परत आली.

बहुतेक म्हटलं मी, सगळी नाही. तीन पोरं शाळा उघडली तरी परतली नव्हती. दोघे भाऊ होते, त्यांचा बाप साथीत गेला आणि ते गुरं राखायला लागले. जाईमाय त्यांच्या घरी तीनदा गेली. चौथ्यांदा त्यांच्या आईने दारच उघडलं नाही. तिसरी गंगू, माणिकबाई माळणीची मुलगी, माझ्याच वर्गातली. माणिकबाई तापातून उठली होती, पण उभं राहिलं की चक्कर यायची. गंगू कडेवर लहान भाऊ घेऊन मळ्यात वांगी तोडायची.

मी जाईमायबरोबर मळ्यात गेले होते. ती कुंपणाबाहेरच उभी राहिली.

“माणिकबाई, पोरीले शायेत धाड.”

“लहान्याले कोन पाहीन?” माणिकबाई म्हणाली. “तू?”

त्या ‘तू’मध्ये काय काय होतं ते नऊ वर्षांच्या मलाही कळलं. जाईमाय बौद्धपुऱ्यातली होती आणि माणिकबाईच्या घरचं पाणीही तिला वरून ओतून मिळायचं.

“हो, मी,” जाईमाय म्हणाली. “शायेच्या दारात बसून पाहीन. तुले दिसन असा.”

माणिकबाई वांग्यांकडे वळली. पण सोमवारी गंगू भावाला कडेवर घेऊन शाळेत आली. जाईमाय त्या आठवड्यात कामावर गेली नाही, दारात पोराला मांडीवर घेऊन बसली, आणि बसल्या बसल्या फळ्यावरचं सगळं पाटीवर उतरवून घेत राहिली. तिसऱ्या दिवशी माणिकबाई भिंत धरत, काखेत लहानशी भाजीची पाटी घेऊन तिथून गेली. पोरगा जाईमायच्या मांडीवर झोपला होता. ती थांबली, बघितलं, आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पोराबरोबर एक लहान गोधडी आली. पुढच्या आठवड्यापासून थोरल्या लेकाकडे राहणारी माणिकबाईची सासू दारात बसायला लागली. गंगूने मग शाळा सोडली नाही.

दसऱ्याच्या आठवड्यात जाईमाय मला घेऊन मोटारीने अकोटला गेली. मोटारीतली प्रत्येक पाटी तिने मोठ्याने वाचली. “‘थुं-कू न-ये.’ पाय व इंदे, थुंकू नये!” पुढच्या बाकावरच्या माणसाने तोंडातला विडा गिळून टाकला. अकोटात ती तीन तास नुसती फिरली. सायकल दुरुस्ती, शुद्ध तुपाची मिठाई, दवाखाना. ‘दवाखाना’ तिने एका दमात वाचलं आणि आत बसलेल्या कंपाउंडरला जाऊन सांगितलं. मग आम्ही ज्या जिनात ती काम करायची त्याच्या फाटकाशी आलो. वर मोठी पाटी होती. ती मान वर करून वाचायला लागली. “पर... पर-वा... परवानगी... शिवाय आत येऊ नये.” दोनदा वाचलं. आणि मग फाटकाचा गज धरून ती हसायला लागली.

“अकरा वर्सं! अकरा हिवाये मी याच्या खालून आत गेली! कोनाची परवानगी घेतली होती मी?”

फाटकावरचा दरबान नत्थुजी तिला ओळखत होता. “काय झालं व जाईबाई?” त्याने विचारलं.

“तुले वाचता येते काय?”

“नाई.”

“शीक लेका,” ती म्हणाली. “लय गंमत हाय.”

पुढची दीड वर्षं तिने आमची पाठ सोडली नाही. आम्ही जे शिकू ते तिला त्याच दिवशी हवं असायचं. आजारी पडलो तर ती रागवायची, “माहा धडा बुडाला ना!” फेब्रुवारी एकोणसाठमध्ये गुरुजी म्हणाले, “जाईबाई, चौथीच्या परीक्षेला बाहेरून बसा.” ती लगेच हो म्हणाली, आणि मग आठ दिवस भाकरी थापतानाही नद्यांची नावं म्हणत राहिली.

परीक्षा अकोटला होती. आम्ही ओळीने जमिनीवर बसलो. माझा नंबर एकशे बारा, गंगूचा एकशे तेरा, जाईमायचा एकशे चौदा. देखरेखीचे मास्तर फिरत आले.

“बाई, पोरांच्या आयांनी बाहेर थांबायचं.”

“मी आई नाई. मी एकशे चौदा हाय.”

मास्तरांनी तिच्या हातातला कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कागद. मग हळूच म्हणाले, “बसा. पाय दुखले तर भिंतीला टेका.”

“उत्तरं लिवाची हायेत का टेकाचं हाय?” ती म्हणाली. सगळी खोली हसली, आणि माझी भीती पार पळाली. तीन तास मला मागून तिच्या टाकाची करकर ऐकू येत होती. मधेच “हात बाप्पा!” असा उद्गार यायचा आणि खाडाखोड व्हायची.

निकाल मेमध्ये आला. गुरुजींनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून वाचला. इंदू, पास. गंगू, पास. जाईबाई तेलगोटे, पास! देवमन तेव्हा तिसरीत होता. तो जो ओरडत सुटला तो थेट वेशीपर्यंत, आणि येताना ढोलकीवाल्यालाच घेऊन आला. बाया नाचल्या. माणिकबाईने मळ्यातला एक मोठा भोपळा पाठवला. कशासाठी ते कोणी विचारलं नाही, पण त्याची भाजी सगळ्या पुऱ्याने खाल्ली. जाईमाय मात्र गुरुजींशी भांडत होती. “भूगोलात एवढे कमी काहून? नद्या तर मी साऱ्या लिवल्या!”

“सगळ्या लिहिल्या,” गुरुजी म्हणाले, “पण पूर्णा तुम्ही बंगालच्या उपसागराला नेऊन मिळवली.”

तिने पदर खोचला. मग म्हणाली, “पाचवीची शाया कुठं हाय?”

पाचवी तीन मैलांवरच्या बाजारगावात होती. आमच्या गावची एकही मुलगी तोवर तिथे गेली नव्हती. माझी आई सुंदराबाई आणि माणिकबाई दोघींचं म्हणणं एकच, एवढ्या लांब पोरींना एकटं कसं धाडायचं? जाईमायने त्या दोघींना एकाच ओट्यावर बसवलं. “एकटं कोन धाडून राहिलं? मी जातो ना संगं. त्या गावात बी कपाशी हाय, आन् कपाशीत तण बी हाय. पोरी शायेत, मी वावरात. सांजेले संगं वापस.”

जूनमध्ये आम्ही निघालो. सकाळी सहाला, चिखल तुडवत, पुढे जाईमाय, मागे मी आणि गंगू, तिघींच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. पाचवीला इंग्रजी सुरू व्हायची. परतताना जाईमाय विचारायची, “आज कोनतं आलं?” आम्ही ए, बी, सी सांगायचो आणि ती त्या आडवाटेने इतक्या मोठ्याने म्हणायची की बांधावरचे गडी उभे राहून बघायचे. दुसऱ्या वर्षी आमच्याबरोबर पाच मुली आणि देवमन होता. तिसऱ्या वर्षी नऊ मुली, आणि देवमनसकट चार मुलगे. बाजारगावच्या हेडमास्तरांनी तिला पावसाच्या दिवसांत मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली. पावसात निंदण बंद असायचं, आणि आमच्याकडे त्या वर्षी पाऊस भरपूर झाला.

बासष्ट साली आम्ही सातवीची परीक्षा दिली, जाईमायने पुन्हा बाहेरून. मी पास झाले आणि पुढे मास्तरकीच्या ट्रेनिंगला अमरावतीला आले. जाईमायही पास झाली, आणि गणितात तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त पडले.